पेन्सिलीचा अपराध

दिवाळी अंक हातात आला की आधी चित्रे पाहायची आणि मग मजकुराकडे वळायचे, हा आपल्या मराठी घरांतला जुना रिवाज आहे. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून चकलीचा तेलकट हात परकराला पुसून मुले आधी चित्रांचीच पाने उलटतात आणि वडीलधारी माणसे ‘आधी हात धू’ म्हणून ओरडतात. अशा या चित्रप्रेमी समाजात गाण्याच्या बैठकीत चित्र काढणे हा मात्र अपराध ठरावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. मौजेची म्हणतो खरी, पण त्या प्रकाराने मला गेले वर्षभर स्वस्थ बसू दिलेले नाही. म्हणून सणासुदीच्या दिवसांत हे भांडण वाचकांच्या दारात घेऊन आलो आहे. फराळाचे ताट थोडे बाजूला सारावे आणि ऐकून घ्यावे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या वसईत एका मंडळाने शास्त्रीय गायनाची बैठक ठरवली होती. मी पडलो शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, पण दोनचार कादंबऱ्या नावावर असल्यामुळे अशा प्रसंगी पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते. पुढे सतरंजीवर मुले बसली होती. त्यांत आमच्या शाळेतली नववीतली एक मुलगी होती. तिचे वडील लग्नाच्या बँडात कॉर्नेट वाजवतात. वसईच्या गावांत वरात बँडावाचून निघत नाही, तेव्हा सूर तिच्या घरचेच म्हणायचे. तिने मांडीवर एक साधी वही घेतली होती आणि बोटभर उरलेल्या पेन्सिलीने ती काहीतरी रेखाटीत होती. आवाज नाही, हालचाल नाही.

विलंबित ख्याल रंगात आला होता. एवढ्यात छातीवर फीत लावलेले एक गृहस्थ वाकून आले आणि म्हणाले, “ए मुली, इथं गाणं ऐकायला यायचं असतं, खरडायला नाही. ठेव ती वही!” तिने वही मिटली. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी तिला उठवून मागे, चपला काढून ठेवल्या होत्या त्या दाराशी नेऊन बसवले. आणि त्याच वेळी सभागृहात निदान पंचवीस मोबाईल आरतीच्या तबकांसारखे उंच धरलेले होते! त्यांतला एक तर त्या फीतवाल्या गृहस्थांचाच होता.

मी काय केले? काही केले नाही. पहिल्या रांगेतल्या खुर्चीला हाच शाप असतो. तिच्यावर बसलेल्या माणसाची जीभ जड होते. गाण्यात व्यत्यय नको, अशी मी मनाची समजूत घातली. खरे कारण एवढेच की पुढच्या वर्षीची खुर्ची मला हवी होती. हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे, असे कुणी म्हटले तर मी नाकारणार नाही.

आता त्या गृहस्थांच्या बाजूने जे बोलले जाते तेही प्रामाणिकपणे मांडतो. पहिला आक्षेप असा की, चित्र काढणाऱ्याचे गाण्याकडे लक्ष नसते. एका वेळी दोन कामे होत नाहीत. ही विद्वत्ता ज्यांना सुचते त्यांनी आपल्याच जिल्ह्यात थोडे उत्तरेला जाऊन यावे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात. सवाशिणी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक काढतात आणि धवलेरी लग्नाची गाणी गाते. तिथे गाणे आणि चित्र ही दोन कामे नाहीतच. तो एकच विधी आहे. भातकापणी उरकली की दिवाळीच्या सुमारास तारपा घुमू लागतो. भोपळ्याचे आणि ताडाच्या पानाचे ते वाद्य वाजवणारा मध्ये, आणि हातात हात गुंफून नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळत असते. हे चित्र आता शाळांच्या भिंतींपासून चहाच्या पेल्यांपर्यंत सगळीकडे आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणले आणि जगभर नेले; २०११ साली सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ दिली. त्या चित्रात तारपेवाला मध्यभागी का, याचा कधी विचार केला आहे काय? काढणाऱ्याने नाच दुरून पाहिलेला नाही. तो त्या साखळीत फिरलेला आहे, सूर जिकडे वळला तिकडे त्याची पावले वळलेली आहेत. ऐकल्यावाचून ते चित्र निघत नाही. ज्या जिल्ह्याने वाद्य वाजवणाऱ्या माणसाचे चित्र जगाच्या भिंतीवर टांगले, त्याच जिल्ह्यात वादकाचे चित्र काढणाऱ्या मुलीला चपलांपाशी बसवावे, याला काय म्हणावे?

शहरी उदाहरणच हवे असेल तर के. के. हेब्बर घ्या. १९११ साली उडुपीजवळच्या खेड्यात जन्मलेला हा चित्रकार मुंबईत आला आणि जे. जे. स्कूलमध्ये शिकवूही लागला. गाण्यानाचण्याची त्याला एवढी ओढ की लय अंगात मुरावी म्हणून तो कथक शिकला. नर्तक आणि वादक यांची त्याने काढलेली रेखाचित्रे पुस्तकरूपाने निघाली तेव्हा त्या पुस्तकाला ‘गाणारी रेषा’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले गेले. कान बंद ठेवून असली रेषा निघते काय?

आणि आपण श्रोते तरी काय करतो? मांडीवर ताल धरतो, मान डोलवतो, शेजाऱ्याला ‘मारवा का पूरिया?’ म्हणून विचारतो, मध्यंतरात बटाटेवडा मिळेल की नाही याचा अंदाज घेतो. ही सगळी कामे गाण्याबरोबर चालतात. तेव्हा एकाग्रतेची आठवण कुणाला होत नाही. ती होते फक्त पेन्सिल दिसली म्हणजे.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे. आता फोटो आहे, चलच्चित्र आहे, मग रेघोट्या कशाला? वाचकहो, फोटो एक क्षण टिपतो. गवयाने तोंड उघडलेला एक क्षण पकडला तर कित्येकदा तो दाढदुखीचा रोगी दिसतो. रेखाटणारा अर्धा तास पाहतो. हात कोणत्या सुराला वर जातो, डोळे केव्हा मिटतात, तान संपल्यावर खांदा कसा खाली येतो, हे सारे तो गोळा करतो आणि त्यातून एक रेघ ठेवतो. पॅगानिनी हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक १८४० साली वारला. ध्वनिमुद्रण तेव्हा कुठे होते? त्याचा सूर कायमचा गेला. पण अँग्र याने १८१९ साली पेन्सिलीने काढलेला पॅगानिनी आहे, आणि १८३१ च्या सुमारास देलाक्र्वा याने रंगवलेला पॅगानिनी आहे. पहिला रुबाबदार गृहस्थ आहे. दुसरा काळोखात व्हायोलिनवर ओठंगलेला झपाटलेला जीव आहे. माणूस तोच! दोघांनी पाहिले निराळे, म्हणून आपल्याला दोन पॅगानिनी मिळाले. मोबाईलच्या पंचवीस फोटोंत मात्र पंचवीस वेळा तोच माईक आणि तेच हार दिसतात.

तिसरा आक्षेप जुना आहे, आणि त्यात थोडे तथ्य आहे. कलावंताच्या परवानगीवाचून त्याचे काही टिपून घ्यावे काय? बैठकीतल्या कागदाचा संशय आपल्याकडे फार दिवसांचा आहे. पंडित भातखंडे घराण्यांच्या चिजा स्वरलिपीत उतरवून घेऊ लागले तेव्हा अनेक उस्तादांना ते रुचले नव्हते. पिढ्यान् पिढ्या जपलेले धन कागदावर चालले, ही त्यांची वेदना खोटी नव्हती. पण पुढे काय झाले? ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग निघाले आणि ज्यांच्या घरात गवई जन्मला नाही अशांच्या मुलांना ती विद्या खुली झाली. चित्राने तर चीजही जात नाही आणि तानही जात नाही. तरीही मी म्हणेन, गाणाऱ्याने ‘नको’ म्हटले तर वही मिटावी. तो अधिकार गाणाऱ्याचा आहे. फीत लावणाऱ्याचा नाही.

चित्र काढणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर मास्तर एकांगी ठरेल. काही हौशी मंडळी बैठकीत आपला सारा कारखाना थाटतात. कोळशाची पूड शेजाऱ्याच्या धोतरावर, मोठ्या कागदाची फडफड ऐन आलापीत, आणि गवई घाम पुसत चहाचा घोट घेतो न घेतो तोच ‘बुवा, सही!’ म्हणून कागद नाकासमोर. हे रेखाटणे नव्हे, ही उपटसुंभगिरी आहे. मऊ पेन्सिल, लहान वही, बाजूची जागा, आणि पान उलटायचे ते टाळ्यांच्या वेळी, एवढा शिष्टाचार पाळणाऱ्याने कुणाचे काय बिघडते?

आता त्या वहीविषयी सांगतो. सोमवारी ती मुलगी शाळेत आली आणि मधल्या सुटीत माझ्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “सर, मी ऐकतच होते.” मला मान वर करवेना. मी वही मागितली. गवयाची चित्रे दोनच होती, तीही अर्धवट. बाकी पाने तबलजीच्या डाव्या हाताने भरलेली होती. हात डग्ग्यावर दाबलेला, हात घसरता, आणि मग एका जागी नुसता टेकलेला. असा टेकलेला हात तिने चारपाच वेळा काढला होता. तिने विचारले, “सर, हा हात मधूनच गप्प का होतो? दर वेळी तेवढाच वेळ गप्प होतो.”

मी चमकलो. ख्याल विलंबित एकतालात होता. ‘तू ना कत् ता’ हे बोल येतात तेव्हा डग्ग्याची घुमार थांबते. पंचवीस वर्षे मी मान डोलावीत आलो, पण ही गोष्ट पुस्तकात वाचून मला ठाऊक होती. कानाने मी ती कधी धरली नव्हती. जिला ताल हा शब्दही नीट शिकवलेला नाही, त्या पोरीच्या पेन्सिलीने ती एका संध्याकाळी हेरली होती, आणि तीही पुरती नव्हे, अर्ध्या संध्याकाळी. कारण उरलेली अर्धी तिने चपलांपाशी काढली.

शेवटच्या पानावर एक बाई होती. मागे बसून तंबोरा छेडणारी. मी बोट ठेवले तेव्हा ती म्हणाली, “दारातून तेवढ्याच दिसत होत्या. त्या एकदासुद्धा थांबल्या नाहीत, सर.” कार्यक्रमानंतर आभाराचे भाषण झाले होते. त्यात अध्यक्ष आले, देणगीदार आले, ध्वनिक्षेपकवालासुद्धा आला. तंबोऱ्यावरच्या बाईंचे नाव कुणी घेतले नाही. मीही त्यांना पाहिले नव्हते.

म्हणून वसई-विरारमधल्या, आणि बाहेरच्याही, बैठका भरवणाऱ्या सर्व मंडळांना माझे मागणे आहे. डाव्या भिंतीकडची एक सतरंजी रेखाटणाऱ्यांसाठी ठेवा. शाळेच्या मुलांना तिथे फुकट बसवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत ‘स्मृतिचित्रा’साठी तीच तीच बँडवाली माणसे घोकून काढणाऱ्या पोरांना एकदा जिवंत वादक समोर बसून पाहू द्या. सुरू होण्याआधी गाणाऱ्याला विचारा. तो नाही म्हणाला तर मुलांना तसे सांगा, मुले ऐकतात. आणि मोबाईल तेवढे खिशात ठेवायला लावा. एवढे करायला ना वर्गणी लागते, ना मंत्र्याची शिफारस.

यंदाच्या बैठकीचे आमंत्रण आले आहे. पहिल्या रांगेतली खुर्ची याही वर्षी माझ्या नावाची आहे. मी ती परत करणार आहे आणि त्या मुलीशेजारी सतरंजीवर बसणार आहे. तिला नवी वही घेऊन दिली आहे. पेन्सिलही अखंड आहे. फीतवाले गृहस्थ आले तर त्यांनी या खेपेला आधी मास्तरला उठवावे.