पुरावा प्रेमाचा की पगाराचा?

विवाह खरा की खोटा, हे ठरविण्याचा अधिकार सरकारी अंमलदाराला कोणी दिला? जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी घेण्यात आली. बोभाटा होताच चाचणी बंद झाली. संशय मात्र कायम राहिला. विवाहाचा मुख्य हेतू स्थलांतर नाही हे अर्जदारानेच सिद्ध करावे, हा ब्रिटिश नियम १९९७ पर्यंत चालला. नसलेला हेतू सिद्ध कसा करावा? संग्रामपूरसारख्या तालुक्यात सोयरीक बहुधा वडीलधारी मंडळीच जुळवितात. लग्नापूर्वीचा पत्रव्यवहार आणावा कोठून?

पुढे २०१२ साली तेथे जोडीदारास आणण्यासाठी वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली; २०२४ साली ती २९,००० झाली. म्हणजे गरिबाचे प्रेम खोटेच! भांडवलाला मात्र सीमा ओलांडताना कोणी हेतू विचारीत नाही.

परंतु परक्यांकडे बोट दाखविताना आपला १९५४ चा विशेष विवाह कायदा विसरून चालणार नाही. त्यातील ३० दिवसांची जाहीर नोटीस आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांना झुंडीच्या हवाली करते. ती रद्द करा, ही मागणी कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांतून उठविली पाहिजे.