यंत्राला परवाना, पण ते चालवणाऱ्या हातांचे काय?

पूर्व दिल्लीतील मयूर विहार या वसाहतीची एक कड उत्तर प्रदेशला जवळजवळ टेकलेली आहे. मेट्रोच्या निळ्या मार्गावर मयूर विहार एक्स्टेन्शनच्या पुढचे दुसरे स्थानक, नोएडा सेक्टर १५, हे दुसऱ्या राज्यात येते. येथील रहिवासी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढण्यासाठी कधी घराजवळच्या निदान केंद्रात जातो, तर कधी काही मिनिटांत राज्याची सीमा ओलांडून नोएडातील रुग्णालयात. दोन्हीकडच्या यंत्रांना लागू होणारे किरणोत्सार सुरक्षेचे नियम एकच आहेत. संस्थेला लागू होणारा कायदा मात्र सीमेबरोबर बदलतो. आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाची पात्रता कोणी तपासली, या प्रश्नाचे उत्तर सीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे रुग्णाला सहजासहजी मिळत नाही.

हा प्रश्न केवळ एका वसाहतीचा नाही. संसदेने २०२१ मध्ये या व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला. तरीही त्याच्या अंमलबजावणीसाठी तंत्रज्ञांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. केवळ १४ राज्यांनीच परिषदा स्थापन केल्याचे सुनावणीत समोर आले, आणि १२ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने केंद्र व राज्यांना दोन महिन्यांच्या आत कायद्याची अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला. कायदा संमत होऊनही तो राज्यांच्या दाराशी का अडला, हे समजून घेण्यासाठी या व्यवसायाचे घटनात्मक स्थान पाहावे लागते.

तीन सूच्यांमध्ये विभागलेले काम

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत अणुऊर्जा हा विषय केंद्र सूचीत आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे राज्य सूचीत येतात. विधी, वैद्यकीय व इतर व्यवसाय हे समवर्ती सूचीत आहेत. रेडिओग्राफरचे काम या तिन्ही सूच्यांना स्पर्श करते. त्याच्या यंत्रातून निघणारा किरण केंद्राच्या अखत्यारीत, ते यंत्र ज्या इमारतीत आहे ती राज्याच्या अखत्यारीत, आणि त्याचा व्यवसाय दोघांच्याही. जबाबदारी तिघांकडे असली की ती कोणा एकाकडे नसते, असा अनुभव या क्षेत्रात अनेक वर्षे येत राहिला.

इतर आरोग्य व्यवसायांची स्थिती अशी नव्हती. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला. औषधनिर्माते आणि दंतवैद्य यांच्यासाठीचे कायदे १९४८ मध्ये आले. रुग्णाच्या हातात गोळ्यांची पुडी देणाऱ्या व्यक्तीची नोंदणी स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच कायद्याने आवश्यक ठरली; त्याच्या शरीरातून क्ष-किरण सोडणाऱ्या व्यक्तीसाठी देशव्यापी कायदा येण्यास आणखी ७३ वर्षे लागली. मधल्या काळात २००७ मध्ये परावैद्यक व भौतिकोपचार परिषदांचे विधेयक लोकसभेत आले, पण ते कायद्यात उतरले नाही. डिसेंबर २०१८ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाच्या जागी २०२० मध्ये नवे विधेयक आले आणि मार्च २०२१ मध्ये ते संमत झाले.

मंडळाची नजर यंत्रावर

या पोकळीत देशभर एकच यंत्रणा काम करीत राहिली, ती म्हणजे मुंबईत अणुशक्तीनगर येथे मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ. या मंडळाची स्थापना नोव्हेंबर १९८३ मध्ये झाली. २००४ साली किरणोत्सार संरक्षण नियम आले. मंडळाच्या व्यवस्थेत सीटी स्कॅन यंत्रासाठी परवाना घ्यावा लागतो, तर साध्या एक्स-रे यंत्राची नोंदणी करावी लागते. खोलीची रचना, भिंतींची जाडी, यंत्राची गुणवत्ता चाचणी, सुरक्षा अधिकाऱ्याची नियुक्ती आणि यंत्र चालवणाऱ्याची किमान शैक्षणिक पात्रता या सर्वांविषयी मंडळाची संहिता बोलते. मात्र अर्ज करते ती संस्था, आणि परवाना मिळतो तोही संस्थेलाच. पात्र माणूस नेमण्याची जबाबदारी मालकावर असते. तंत्रज्ञाच्या स्वतःच्या नावावर, नोकरी बदलली तरी त्याच्यासोबत राहील असा आणि गैरवर्तन केल्यास काढून घेता येईल असा व्यवसायाचा परवाना या व्यवस्थेतून निर्माण होत नाही.

यंत्रांच्या नोंदणीचीही स्थिती एके काळी चिंताजनक होती. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये संसदेला सादर केलेल्या अहवालानुसार देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ केंद्रे, म्हणजे सुमारे ९१ टक्के, मंडळाच्या नोंदणीविना चालू होती. प्रत्येक राज्यात किरणोत्सार सुरक्षा संचालनालय असावे, असे निर्देश असतानाही मोजक्या राज्यांनीच ते स्थापन केल्याची नोंद त्याच अहवालात होती. त्यानंतर मंडळाने परवान्याची प्रक्रिया संगणकीय केली आणि नोंदणीला गती आली. तथापि, मुंबईतील एका कार्यालयाने देशभरातील गल्लीबोळांतील केंद्रांवर नजर ठेवावी, या अपेक्षेला स्वाभाविक मर्यादा आहेत.

किरणोत्सारी वस्तूची नोंद आणि तिच्याविषयी जाणती व्यक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा धडा दिल्लीला एप्रिल २०१० मध्ये मिळाला. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून वापरात नसलेले एक उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात त्यातील कोबाल्ट-६० उघडे पडले. एका कामगाराचा मृत्यू झाला व अनेक जण बाधित झाले. ही घटना रुग्णालयातील नव्हती. परंतु धोका वेळीच ओळखणारा प्रशिक्षित माणूस योग्य जागी नसेल, तर कागदावरील नियम कोणाचे रक्षण करू शकत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

रुग्णाच्या दृष्टीने फरक कोणता?

छातीच्या साध्या एक्स-रेमधून प्रौढ व्यक्तीला मिळणारी किरणोत्साराची मात्रा सुमारे एक दशांश मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती दहा मिलिसिव्हर्टच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे शंभर किंवा त्याहून अधिक एक्स-रेइतकी. आवश्यक तपासणीसाठी ही मात्रा समर्थनीय असते. ती अनावश्यक वाढते की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी तंत्रज्ञाच्या हातात असते. किरणांचे क्षेत्र नेमक्या अवयवापुरते मर्यादित ठेवणे, रुग्णाच्या वयानुसार व शरीरयष्टीनुसार यंत्राची मांडणी बदलणे, लहान मुलासाठी प्रौढाची मात्रा न वापरणे, स्त्री रुग्णाला गर्भधारणेविषयी विचारणे आणि पहिलेच चित्र इतके स्पष्ट घेणे की दुसरे घ्यावे लागू नये, ही सारी कौशल्ये प्रशिक्षणातून येतात. बटण दाबणे काही दिवसांत शिकता येते. ते केव्हा दाबू नये हे शिकण्यास अधिक काळ लागतो.

एमआरआयच्या बाबतीत ही उणीव अधिक ठळक होते. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. त्यामुळे किरणोत्सारावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाचे नियम तिला लागू होत नाहीत. तिचा धोका प्रबळ चुंबकीय क्षेत्राचा असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील कर्करोग संशोधन केंद्रात प्राणवायूच्या सिलिंडरसह दोन कर्मचारी यंत्राकडे खेचले गेले आणि सुमारे चार तास अडकून पडले. त्यांच्यापैकी एक जण तंत्रज्ञच होता. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईतील नायर रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. त्या दाराशी कोणी, कोणत्या अधिकाराने उभे राहावे, याचे उत्तर यंत्राच्या परवान्यात सापडत नाही. ते व्यवसायाच्या नियमनातच शोधावे लागते.

नवा कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१ च्या कायद्यात पन्नासहून अधिक व्यवसाय दहा गटांत विभागले आहेत. वैद्यकीय किरणशास्त्र, प्रतिमांकन व उपचार तंत्रज्ञान हा त्यांपैकी एक गट असून, एक्स-रे, सीटी व एमआरआय तंत्रज्ञांबरोबरच किरणोपचार तंत्रज्ञांचाही त्यात समावेश आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या पदविका किंवा पदवीसाठी किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक मानले आहे. राज्य परिषदेने राज्याची आणि आयोगाने केंद्राची नोंदवही ठेवावयाची आहे. नोंदणी नसताना ती असल्याचे भासवणाऱ्यास प्रथम अपराधासाठी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आधीपासून या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नोंदणीची संधीही कायद्याने दिली आहे. २०२५ मध्ये किरणशास्त्र व प्रतिमांकनासह काही शाखांचे समान अभ्यासक्रमही जाहीर झाले.

या रचनेचा कणा राज्य परिषद हाच आहे. कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत ती स्थापन व्हावी, अशी मूळ अपेक्षा होती. परंतु राज्यांची आरंभरेषाच निराळी होती. मध्य प्रदेशात सहवैद्यकीय परिषदेचा कायदा २००० पासून होता. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११’ या नावाचा कायदा झाला. दिल्लीत १९९७ मध्ये परिषद आली ती भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्यासाठी. रेडिओग्राफर तिच्या कक्षेत नव्हते.

संस्थांच्या नोंदणीतही हाच असमतोल दिसतो. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा मार्च २०१२ मध्ये चार राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला, तेव्हा दिल्लीला त्यातून वगळण्यात आले होते. उत्तर प्रदेशाने तो नंतर स्वीकारला. दिल्लीत दीर्घकाळ १९५३ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचाच आधार राहिला आणि तो मुख्यतः रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. मयूर विहार आणि नोएडा यांच्यातील अंतर मेट्रोच्या दोन स्थानकांचे असले, तरी कायद्याच्या भाषेत ते बरेच मोठे होते.

तंत्रज्ञांची बाजू

हा प्रश्न केवळ रुग्णांच्या सुरक्षिततेचा नाही. नागपूर किंवा कोल्हापूर येथे पदविका घेऊन दिल्लीत नोकरीस येणाऱ्या तरुणाला त्याचे प्रमाणपत्र कोठे ग्राह्य धरले जाईल, याची खात्री हवी असते. राष्ट्रीय नोंदवहीमुळे त्याची पात्रता राज्याच्या सीमेवर थांबणार नाही. त्याचबरोबर अपात्र माणसाला कमी वेतनावर नेमण्याची मालकांची सवय मोडली, तर पात्र तंत्रज्ञाच्या वेतनालाही आधार मिळेल. या कामात त्याच्या स्वतःच्या शरीराचाही प्रश्न आहे. किरणोत्सारी कामात असलेल्या व्यक्तीसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा देशात ठरवलेली आहे. छातीवर लावलेला मापन बिल्ला ठरावीक काळाने तपासला जातो. बिल्लाच न देणाऱ्या मालकाला नकार देण्याचे बळ व्यावसायिक ओळखीतून येते.

दुसरी बाजूही दुर्लक्षित करण्यासारखी नाही. छोट्या गावांत अनेक केंद्रे पदविका नसलेल्या, पण वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांवर चालतात. नोंदणीची सक्ती एका रात्रीत झाली, तर केंद्र बंद पडेल आणि हाड मोडलेल्या माणसाला एक्स-रेसाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागेल. अनुभवी व्यक्तींना परीक्षा व पूरक प्रशिक्षणाद्वारे नोंदवहीत आणणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. मात्र अनुभवाच्या नावाखाली सरसकट सर्वांना प्रवेश दिल्यास नोंदवहीला अर्थ उरणार नाही.

परदेशांतील अनुभव

अमेरिकेतही हा विषय राज्यांकडेच आहे. तेथे १९२२ पासून व्यावसायिकांची राष्ट्रीय प्रमाणन संस्था आहे, आणि १९८१ मध्ये संघराज्याने किमान मानकांसाठी कायदाही केला. परंतु त्याचे पालन राज्यांच्या इच्छेवर सोडल्याने राज्याराज्यांतील नियम आजही सारखे नाहीत. ब्रिटनमध्ये याउलट देशव्यापी नोंदवही असून, नोंदणीविना ‘रेडिओग्राफर’ हे पदनाम लावणे हा गुन्हा ठरतो. कोणाही नागरिकाला संकेतस्थळावर तंत्रज्ञाचे नाव पडताळता येते.

केवळ परवान्याने सर्व काही साधते, असेही नाही. लॉस एंजेलिस येथील एका नामांकित रुग्णालयात २००८ व २००९ मध्ये मेंदूच्या सीटी तपासणीत २०६ रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट मात्रा मिळाल्याचे उघड झाले. कॅलिफोर्नियात तंत्रज्ञांना राज्याचे प्रमाणपत्र सक्तीचे असतानाही हे घडले. त्यानंतर २०१० मध्ये राज्याने कायदा करून सीटी तपासणीतील मात्रेची नोंद ठेवणे बंधनकारक केले. पात्रतेची नोंदणी ही पहिली पायरी आहे. कामाची नोंद आणि तपासणी या तिच्या पुढच्या पायऱ्या आहेत.

कसोटी कोणती?

भारतात या पहिल्या पायरीसाठी कायदा आहे, अभ्यासक्रम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही आहे. परिषदेची अधिसूचना निघाली म्हणजे काम झाले, असे मात्र मानता येणार नाही. परिषदेला कार्यालय, निबंधक आणि निधी मिळाला का, नोंदवही सर्वांना पाहण्यास खुली आहे का, आणि तक्रार आल्यास नाव वगळण्याचा अधिकार वापरला जातो का, यावरून तिचे मोल ठरेल. नावात ‘परिषद’ किंवा ‘कौन्सिल’ असलेली प्रत्येक संस्था वैधानिक असतेच असे नाही, हेही विद्यार्थ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

औषधांच्या दुकानात भिंतीवर लावलेले औषधनिर्मात्याचे नोंदणीपत्र ग्राहकाला परिचित आहे. एक्स-रे कक्षाच्या दारावर किरणोत्साराचे धोकाचिन्ह आणि संस्थेचा परवाना दिसू लागला आहे. त्याच्या शेजारी तंत्रज्ञाचे नाव व नोंदणी क्रमांक दिसेल आणि मयूर विहारमधील रुग्णाला तो सीमेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच विश्वासाने पडताळता येईल, तेव्हा २०२१ चा कायदा राजपत्रातून रुग्णापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.