पणत्यांचे गणित आणि एक अपवाद

वाचकहो, काही संख्यांची पंक्ती अशी असते की तिच्यातील प्रत्येक संख्या आपल्या पूर्वजांच्या बेरजेतून जन्मास येते. आपल्या छंदःशास्त्रकारांना अशी एक पंक्ती फार पूर्वीच ठाऊक होती. लघु अक्षराची मात्रा एक आणि गुरूच्या दोन. मग ठराविक मात्रांचा चरण किती प्रकारांनी रचता येईल? शेवटचे अक्षर लघु असेल तर आधीच्या मात्रा एकाने कमी, गुरू असेल तर दोनाने कमी. म्हणून मागील दोन उत्तरांची बेरीज हेच पुढचे उत्तर: १, २, ३, ५, ८, १३. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकाच्या मध्यास हा नियम सांगितला. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजेच फिबोनाचीने, तो १२०२ साली आपल्या ग्रंथात मांडला. अशा पंक्तीस गणितात क्रमिका म्हणतात.

आज हिच्याच एका बहिणीची ओळख करून घेऊ. पाटी घ्या आणि ३, ०, २ हे तीन अंक लिहा. त्यांचे क्रमांक अनुक्रमे शून्य, एक आणि दोन समजा. यापुढील प्रत्येक पद मिळवताना लगतचे मागचे पद सोडून द्यावयाचे आणि त्याच्या आधीची दोन पदे मिळवावयाची. तिसऱ्या क्रमांकापासून पदे अशी येतात: ३, २, ५, ५, ७, १०, १२, १७, २२, २९, ३९.

आता क्रमांक आणि पद यांची जोडी जुळवून पाहा. पाचव्या क्रमांकावर ५, सातव्यावर ७, अकराव्यावर २२, तेराव्यावर ३९. क्रमांक मूळ संख्या असला की त्याने पदाला निःशेष भाग जातो. सतराव्या क्रमांकावर ११९ येतात. ते सतराची सातपट होत. उलट चार, सहा, आठ, नऊ, दहा, बारा हे संयुक्त क्रमांक घ्या. त्यांपैकी एकानेही आपापल्या पदाला भाग जात नाही. मूळ संख्या ओळखण्याची ही केवढी सोपी कसोटी!

असे का घडते, हे पाहण्यास एक गोल ताट पुरे. ताटाच्या कडेला क्रमांकाइतक्या जागा आखा व त्यांवर पणत्या मांडा. अट एकच: एका पणतीपासून पुढच्या पणतीपर्यंत जाताना दोन किंवा तीन घरेच पुढे जावे लागावे. अशा मांडण्या किती होतात ते मोजले, तर आपल्या क्रमिकेतील त्या क्रमांकाचे पदच मिळते. पाच जागांच्या ताटात पाच मांडण्या होतात, सात जागांच्या ताटात सात.

आता ताट एकेक घर फिरवा. जागांची संख्या मूळ असेल, तर पूर्ण फेरा होण्यापूर्वी मांडणी पहिल्यासारखी दिसणार नाही. ती तशी दिसायची तर ताटाचे सारखे तुकडे पडावे लागतील, आणि मूळ संख्येचे तसे तुकडे पडत नाहीत. म्हणून प्रत्येक मांडणी आपल्यासारख्या तितक्याच भावंडांच्या गटात असते आणि एकूण संख्येला क्रमांकाने भाग जातो. सहा जागांचे मात्र तसे नाही. दोन-दोन घरांच्या अंतराची मांडणी दोन घरे फिरवताच पूर्ववत होते, तीन-तीन घरांची तीन घरे फिरवल्यावर. दोन आणि तीन मिळून पाच. त्यांना सहाने भाग कसा जाणार?

येथवर सारे निर्वेध आहे. तथापि एक प्रश्न उरतो. क्रमांक मूळ असेल तर भाग जातो, हे सिद्ध झाले. पण भाग गेला म्हणजे क्रमांक मूळच असला पाहिजे, हे कोठे सिद्ध झाले? संयुक्त क्रमांकांतील हे छोटे गट एकत्र येऊन त्यांची बेरीज कधीतरी नेमकी भागली गेली तर? फ्रेंच गणिती पेरिन यांनी १८९९ साली ही क्रमिका विचारार्थ मांडली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हजार, दहा हजार, लाख असे कितीही पुढे गेले तरी कसोटी चुकत नाही. अडीच लाख क्रमांक उलटले तरीही चुकत नाही. एवढ्या साक्षी मिळाल्यावर व्यवहारात आपण कोणत्या गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही?

परंतु २,७१,४४१ या क्रमांकावर कसोटी फसते. त्या पदात ३३,००० हून अधिक आकडे आहेत आणि त्याला २,७१,४४१ ने निःशेष भाग जातो. ही संख्या मात्र मूळ नव्हे. ती ५२१ चा वर्ग होय! विल्यम ॲडम्स आणि डॅनिएल शँक्स यांनी हा सर्वांत लहान अपवाद १९८२ साली प्रसिद्ध केला. त्यानंतरचा अपवाद ९,०४,६३१, म्हणजे ७, १३ आणि ९,९४१ यांचा गुणाकार. असे अपवाद अनंत आहेत, हे जॉन ग्रँथम यांनी २०१० साली सिद्ध केले.

मग ही कसोटी टाकाऊ ठरली काय? मुळीच नाही. ती जेव्हा ‘मूळ नाही’ म्हणते तेव्हा तिचा निर्णय अंतिम असतो. ‘मूळ आहे’ म्हणते तेव्हा तो केवळ संभाव्य असतो. हा भेद आज मोलाचा आहे, कारण संगणकावरून जाणाऱ्या गुप्त संदेशांची कुलुपे प्रचंड मूळ संख्यांच्या आधारे घडविली जातात. म्हणून गणिती एका कसोटीवर विसंबत नाहीत. १९८० साली सुचविलेल्या एका पद्धतीत अशाच क्रमिकांच्या कसोटीस दुसऱ्या जातीच्या कसोटीची जोड दिली आहे. दोनाच्या चौसष्टाव्या घातापर्यंत, म्हणजे वीस आकडी संख्यांपर्यंत, ती एकदाही चुकलेली नाही. ती पुढे कधीच चुकणार नाही, असे मात्र गणिती म्हणत नाहीत. कारण तसे सिद्ध झालेले नाही.

जाता जाता मुलांसाठी एक काम. तेरा जागांच्या ताटात ३९ मांडण्या होतात. ताट फिरवून मिळणाऱ्या मांडण्या एकच धरल्या, तर मूळच्या मांडण्या तीनच उरतात. त्या तीन कोणत्या, हे ताट आणि पणत्या घेऊन शोधावे.