बोनाफाईड कुठून आणायचं?

तळोज्याला फेज दोनमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीची मुलगी शाळेत जात नाही. नापास झाली, काढून टाकली असं काही नाही हं! दुसरीनंतर आईवडिलांनी वर्षभर विचार करून तिला घरीच शिकवायचं ठरवलं. आता दहा वर्षांची आहे. मराठी-इंग्रजी सफाईनं वाचते, अपूर्णांकांची गणितं करते आणि बुद्धिबळात बाबांना हरवते. गेल्या उन्हाळ्यात एका स्पर्धेत नाव द्यायला मायलेकी गेल्या. टेबलामागच्या गृहस्थांनी फॉर्म वरखाली पाहिला.

'ताई, बोनाफाईड जोडलं नाहीत.'

'ती घरीच शिकते हो.'

'असू दे ना. पण शाळा कुठली?'

झालं! प्रवेश मिळाला नाही. येताना पेंधरच्या मेट्रोत लेकीनं विचारलं, 'आई, मी नक्की कितवीत आहे गं?' मैत्रीण मला सांगत होती, 'इतकी वर्षं नातेवाइकांचे टोमणे ऐकले, पण त्या प्रश्नाला मात्र मला उत्तर सुचलं नाही.'

घरी शिकवावं की शाळेत घालावं, हा वाद आज बाजूला ठेवू या. त्यावर दोन्हीकडून बोलण्यासारखं आहे आणि माझं स्वतःचं मतही अजून पक्कं नाही. पण ज्यांनी घरी शिकवायचं ठरवलंय, त्यांची गाडी अडते ती अभ्यासात नाही, कागदात. आणि हे कागद सहसा आईच्याच वाट्याला येतात.

आधी कायद्याचं बघू. शिक्षण हक्क कायदा झाला २००९ मध्ये, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलंय. घरी शिकण्याबद्दल मात्र त्यात काहीच नाही. जुलै २०१२ मध्ये केंद्र सरकारनं दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं, की जे पालक आपणहून घरी शिकवतात त्यांनी ते चालू ठेवावं, हा कायदा त्यांच्या आड येत नाही. म्हणजे बंदी नाही. पण नोंदणीची व्यवस्था नाही, दाखला नाही, शिक्का नाही. ४ जुलै २०१५ ला आपल्या राज्यात एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. शाळेच्या पटावर नाव नसलेलं मूल अशा यादीत शाळाबाह्यच ठरणार. वीटभट्टीवर आईबापांबरोबर राहणारं कातकरी पोर आणि घरी बसून नकाशे काढणारं फ्लॅटमधलं मूल, दोन्ही एकाच रकान्यात. त्यातल्या त्यात स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड तरी काढलं गेलं. माझ्या मैत्रिणीच्या लेकीसाठी कुठलंच कार्ड नाही. अर्थात दोघींत कुणाला जास्त गरज आहे ते सांगायला नको.

आता आपल्या महाराष्ट्रातली खरी गोम. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला हा नुसता शिक्षणाचा कागद नाही. त्यावर जन्मतारीख असते, जन्मगाव असतं, धर्म, जात सगळं असतं. जातीचा दाखला काढायला तहसील कचेरीत जा, पडताळणीला जा, अधिवासाला जा, पहिला हात पुढे येतो तो याच दाखल्यासाठी. म्हणून शाळा सुटली तरी दाखला सुटता कामा नये. माझ्या मैत्रिणीनं इथेच चूक केली. जुन्या शाळेनं विचारलं, 'कुठल्या शाळेत घालताय ते लिहून द्या.' तिच्याकडे लिहायला नाव नव्हतं. 'बघू नंतर' म्हणून ती परत आली, आणि ते 'नंतर' दोन वर्षं लांबलं. शेवटी लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन, तीन खेपांनंतर दाखला हातात आला. तो मिळायला वेळ लागला तर निदान जनरल रजिस्टरचा उतारा तरी मागून घ्यावा. बालवाडीनंतर दोनच वर्षं मूल शाळेत गेलं असेल, तरी त्या दोन वर्षांची नोंद पुढे सोन्यासारखी कामी येते.

आणि जन्माचा दाखला काढून पाहिलात का? त्यावर मुलाचं नाव आहे का? हसू नका, अनेक दाखल्यांवर नुसतं आईवडिलांचं नाव असतं, बाळाच्या नावाची जागा कोरी. बारसं थाटात होतं आणि नोंद राहून जाते. शाळेत जाणाऱ्या मुलाचं त्यावाचून निभावतं, कारण त्याच्याकडे दाखवायला शाळेचे कागद असतात. घरी शिकणाऱ्याचं निभावत नाही. नाव घालून घ्यायला पंधरा वर्षांची मुदत असते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक कागद धरला जाणार आहे. १ मे २०१४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असंही आपल्या राज्यानं २०२४ मध्ये ठरवलं. चांगलंच झालं. तेव्हा आधार, पासपोर्ट, पुढे परीक्षेचा फॉर्म, सगळीकडे तेच नाव, तेच स्पेलिंग राहील हे आत्ताच बघायला हवं.

यातून किती अडतं, याचं ठळक उदाहरण मुंबईच्या मालविका राज जोशीचं. सातवीत असताना आईनं तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवलं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिनं दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली. तरी आयआयटीचं दार तिला बंद, कारण बारावीचं प्रमाणपत्र नाही. चेन्नईच्या गणित संस्थेनं तिचं ज्ञान पाहून तिला घेतलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीनं पदकांच्या जोरावर प्रवेश दिला. बातमी वाचून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आपली लेक काही ऑलिम्पियाडला जाणारी नसते ना! साधारण हुशार, साधारण कष्टाळू मुलीला दहावीचा कागद लागतोच.

तो मिळायच्या वाटा आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा दहा वर्षं पूर्ण झाल्यावर आणि आठवीची तेरा पूर्ण झाल्यावर देता येते, पुढे दहावी-बारावीही आहे. 'मी कितवीत आहे' या प्रश्नाचं सरकारी शिक्क्याचं उत्तर इथे मिळतं. दुसरी वाट सगळ्यांच्या ओळखीची, १७ नंबरचा फॉर्म. नेहमीच्याच दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसायचं. रायगड जिल्हा मुंबई विभागात येतो, त्याचं मंडळ वाशीला. पण इथे शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाची इथे पंचाईत होते. त्याला केंद्राची राष्ट्रीय मुक्त शाळा बरी. १९८९ पासून चालू असलेल्या या संस्थेत चौदा वर्षं पूर्ण झाली, जन्मतारखेचा पुरावा दिला आणि 'मी हा अभ्यास करू शकतो' असं स्वतःच लिहून दिलं, की दहावीला नाव नोंदवता येतं. आणि काही वर्षांनी पुन्हा शाळेत घालावंसं वाटलं तर? कायद्याप्रमाणे चौदापर्यंतच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्यायला हवं आणि दाखल्यावाचून अडवता येत नाही. तरी मुख्याध्यापकांपुढे जाताना काहीतरी हातात असलेलं बरं.

ते काहीतरी घरीच तयार होतं. तारीख घातलेल्या वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी, वाचनालयाच्या पावत्या, पोहण्याच्या किंवा गाण्याच्या क्लासच्या शिक्षकांचं पत्र, चित्रकलेच्या परीक्षांची प्रमाणपत्रं. आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं, तेव्हा त्यांच्याकडे तरी काय होतं? बरंचसं शिक्षण घरात, गोपाळरावांच्या धाकाखाली झालेलं. आपण कदाचित तुमच्या अटीत बसणार नाही हे कबूल करून त्यांनी आपल्याला काय काय येतं, किती भाषा येतात, ते लिहून पाठवलं. महाविद्यालयानं ते मानलं आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आपल्या कचेऱ्या नुसत्या पत्रावर मानणार नाहीत, हे खरं. पण स्पर्धेचे आयोजक, क्लासवाले, नवी शाळा यांच्यापुढे अशी जाडजूड फाईल ठेवली, की बोलण्याचा सूर बदलतो असा मैत्रिणीचा अनुभव आहे.

परवा ती फाईल मी पाहिली. जन्माचा दाखला, जुन्या शाळेचा दाखला, आधार, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. मधे एक पान लेकीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, 'या महिन्यात मी काय शिकले'. सातव्या ओळीवर लिहिलं होतं, 'अर्जाची पोच घेणे.'