आबुएला म्हणजे कोण?

२००४ साली अमेरिकेत पीबीएस वाहिनीवर एक कार्टून सुरू झालं, ‘माया अँड मिगेल’. ही दहा वर्षांची जुळी भावंडं. आई मेक्सिकोची, बाबा पोर्तो रिकोचे, घरात आजी आणि दोन्ही भाषा बोलणारा पाको पोपट! बाहेर इंग्रजी, घरी स्पॅनिशही. बोलता बोलता मुलं इकडून तिकडे टुणकन उडी मारतात. आजी मात्र कायम ‘आबुएला’च!

गंमत म्हणजे स्पॅनिशही सगळीकडे सारखी नाही. संत्र्याला मेक्सिकोत ‘नारान्हा’ म्हणतात, तर पोर्तो रिकोत चक्क ‘चीना’! आणि ‘नारान्हा’ कुणाचा नातलग, माहीत आहे? आपल्या ‘नारिंगा’चा! दोघांचं मूळ एकच, संस्कृत ‘नारंग’.

मित्रांसमोर घरची भाषा बोलायची काही मुलांना लाज वाटते. हळूहळू शब्द विसरतात, मग आजीशी गप्पा कशा मारणार? माया-मिगेल मात्र दोन्ही भाषा मजेत बोलतात.

तुमची आजीही एखाद्या वस्तूला वेगळंच नाव देते ना? हसू नका हं! अर्थ विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आजपासूनच!