आमंत्रणे फार, दिवस थोडे

तुळशीचे लग्न लागले की आमच्या पनवेल तालुक्यात घराघरांत पत्रिकांची रास पडू लागते. साखरपुडा, हळद, लग्न, बारसे, घरभरणी, गावची जत्रा, क्रिकेटचे सामने, आणि वर एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस! शेतकरी म्हणतो, 'गेलो नाही तर लोक काय म्हणतील?' सुतार म्हणतो, 'आज मी गेलो नाही तर उद्या माझ्या दारी कोण येईल?' आणि सगळेच सगळीकडे जातात. त्याच घरी कधीमधी एक साधा कागदही येतो. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस, शाळेच्या समितीचा निरोप, नाहीतर जमिनीच्या सुनावणीचा लखोटा. त्यावर सोनेरी अक्षरे नसतात, म्हणून तो वाशाला खोचला जातो आणि तेथेच राहतो. या दोन कागदांपैकी आधी मान कोणाला द्यावा, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम घरच्या कार्याचे पाहू. आगरी-कोळी घरांत हळदीची रात्र पूर्वीही होत असे. धवलारीण धवले गाई, आळीतल्या बाया हळद लावीत, आणि भटजीवाचून कोणाचे काही अडत नसे. आता लग्नापेक्षा हळद मोठी झाली आहे. मैदानभर मंडप, मटणाच्या पंगती, आणि छाती हादरविणारा डीजे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा हा नियम २००० सालापासून आहे, पण तो पाळतो कोण? जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीवाचून आणि थोडक्या खर्चात पहिले लग्न लावून दाखविले. त्यातला पहिला धडा आम्ही आधीच जाणत होतो, दुसरा मात्र अजून शिकलो नाही. भटाची दक्षिणा वाचविली आणि तिच्या शंभरपट डीजेवाल्याच्या पदरात घातली, यात आम्ही काय मिळविले?

यावर कोणी म्हणेल, गरिबाच्या घरच्या दोन घटकांच्या आनंदावर का उठता? बंधूंनो, आम्ही आनंदावर उठलेलो नाही. १८७५ साली पुणे-नगर भागातील कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा शहाणे लोक म्हणू लागले की कुणबी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो. सरकारने नेमलेल्या कमिशनने चौकशी केली आणि सांगितले की लग्नाच्या खर्चाला फाजील महत्त्व दिले जात आहे, कर्जाचे मूळ क्वचितच त्यात असते. तेव्हा शेतकऱ्याच्या प्रत्येक दुःखाचे खापर त्याच्या मंडपावर फोडणाऱ्यांच्या रांगेत आम्ही बसत नाही. परंतु पनवेलची गोष्ट निराळी आहे. त्या कुणब्याचे पीक बुडाले तरी पुढच्या सालच्या पिकाची त्याला आशा होती. आमच्याकडे जमीन गेली आणि पैसा आला. तो पैसा एकदाच येतो, दरसाल पिकत नाही. एका रात्रीत उठलेल्या पंगतीखाली अर्धा भूखंड गाडला गेला, तर तो पुन्हा उगवणार आहे काय?

आणखी एक. कार्य केवढे करायचे हे ठरवितात ओटीवर बसलेले पुरुष, आणि चुलीशी राबतात बाया. ज्यांच्या हातून कार्य निभायचे त्यांना आधी विचारा. बहुतेक घरांत आकडा तेथेच निम्म्यावर येईल.

आता जाण्यायेण्याचे. आमची कसोटी सोपी आहे. पत्रिका हाती आली की पाहावे, 'मी गेलो नाही तर कोणाचे अडेल?' नोटीस हाती आली की पाहावे, 'मी नसताना तेथे काय ठरेल?'

२०१३ साली नैना क्षेत्राचे नियोजन सिडकोकडे आले. तेथील नगररचना परियोजनेत शेतकऱ्याकडे ४० टक्क्यांचा भूखंड राहतो आणि बाकीची जमीन रस्ते-मैदाने वगैरेंकडे जाते. हे ज्यांना मान्य नाही अशी गावे पुष्कळ आहेत. परंतु मान्य असो वा नसो, भूधारकांची सभा होते, पुढे लवादाची सुनावणी होते, आणि तेथे लेखी म्हणणे दिले तरच ते कागदावर राहते. त्या दिवशी आपण मेहुण्याच्या मित्राच्या हळदीला गेलो, तर हरकत कोण नोंदविणार?

ग्रामसभेचेही तसेच. मतदारांचे १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतील कमी असेल तेवढी हजर असली की सभा भरते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची गरजच नसते. म्हणजे हळदीला हजार पाने उठणाऱ्या गावाचा निर्णय दहा माणसे घेऊन मोकळी होतात! २०१६ साली जी २९ गावे पनवेल महानगरपालिकेत गेली, त्यांना तर आता ग्रामसभाही नाही. त्यांनी हरकती-सूचनांच्या जाहिरातीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेविले पाहिजे.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो, आणि निम्म्या जागा बायांच्या. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत भरते आणि तेथे हिशेब विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२१ च्या ऑगस्टात रिझर्व्ह बँकेने रद्द केला. हिशेब वेळेवर का विचारावेत, हे त्या ठेवीदारांना कोणी शिकवायला नको. आमच्या सुतार, लोहार, कुंभार, गवंडी बंधूंसाठी २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात १८ कसबांचे शिक्षण मिळते आणि शिकण्याच्या दिवसांचे रोज ५०० रुपयेही. अशा वर्गाला जाणे म्हणजे रोज बुडविणे नव्हे.

हजर राहण्याने काय होते, हे या भागाला नवे नाही. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान येथे दि. बा. पाटलांच्या हाकेला गावेच्या गावे आली. १६ आणि १७ तारखेला पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के भूखंडांचा हक्क मिळाला. ते लोक घरी बसते, तर आज मंडप घालायलाही भूखंड नसता.

म्हणून आमचे सांगणे असे. मयताला, आजाऱ्याला आणि ज्या गरिबाच्या दारी कोणी जात नाही त्याच्या कार्याला आधी जा. तेथे जेवण बेताचे असते, पण माणूस हवा असतो. त्यानंतर जेथे आपली सही, आपले मत, आपली हरकत लागते तेथे जा. जेथे केवळ गर्दी हवी आहे, तेथे घरातल्या एकाने जाऊन अक्षता टाकाव्यात आणि परत यावे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला नाही गेलात तरी त्याचे वय वाढायचे राहणार नाही. आपल्या घरी कार्य निघाले तर आधी घरधनिणीशी बसून आकडा ठरवा, आणि त्यासाठी जमिनीच्या कागदाला हात लावू नका.

वाशाला खोचलेली ती नोटीस आजच खाली काढा. तारीख अजून गेली नसेल.