युरियाआधी मुळावरची गाठ पाहा

फुलोऱ्यात आलेले सोयाबीनचे एक रोप मुळासकट उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसली, तर रायझोबियम जिवाणू कामाला लागले आहेत. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. हे जिवाणू त्याचा अमोनिया करून पिकाला देतात. बदल्यात पीक त्यांना साखर पुरवते. युरिया जास्त पडला, की गाठी कमी धरतात. म्हणजे पैसे मोजून आपण फुकटचा कारखाना बंद पाडतो! त्यापेक्षा पेरणीपूर्वी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळा. बुरशीनाशक आधी, जिवाणू नंतर. बियाणे सावलीतच सुकवा. पाकीट मात्र सोयाबीनचेच घ्या, हरभऱ्याचे चालत नाही.